गोधड्या शिवून द्यायच्यात, पण त्यांचा खरंच उपयोग होतो का हो?

मंदा_टाका
नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसती वाचत असते, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीत आम्ही काही बायका दुपारी जमून गोधड्या शिवतो. सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या, दोघीतिघी सत्तरीच्या. जुन्या सुती साड्या, परकर, नातवंडांचे फ्रॉक, जे हाताला लागेल ते. आत्तापर्यंत घरच्याघरी वाटल्या, आता कुणाच्याच कपाटात जागा नाही आणि सुना म्हणतात आई पुरे. तर आमच्यातल्या एकीची भाची महिला आधारगृहात काम करते, म्हणजे घरात मारहाण होते म्हणून बाहेर पडलेल्या बायका जिथं राहतात तिथं. ती सांगत होती की बाई येते ती बहुतेक वेळा अंगावरच्या कपड्यानिशी, कडेवर पोर, हातात पिशवी असली तर असली. पांघरायला संस्था देते पण ते संस्थेचं, जाताना ठेवून जायचं. हे ऐकून सगळ्यांच्या डोळ्यात पाणी आणि तिथल्या तिथे ठरलं की आपण द्यायच्या.

ठरवेपर्यंत सोपं होतं, भांडणं नंतर सुरू झाली. एकीचं म्हणणं प्रत्येक गोधडीवर भरतकामात 'खचू नकोस', 'तू दुर्गा आहेस' असं काहीतरी लिहायचं. दुसरीला आठ मार्चला छोटासा कार्यक्रम करून नगरसेवकांच्या हस्ते वाटप करायचंय, पेपरात फोटो आला की अजून लोक साड्या आणून देतील (हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाहीये तसा). तिसरी म्हणते वाटायच्या कशाला, त्या बायकांनाच शिकवू. आणि आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुमचा वेळ जात नाही म्हणून चाललंय सगळं. त्या बाईला गोधडी नकोय, वकील हवाय."

राग आला, पण बोलणं डोक्यातून जाईना. खरंच उपयोग होतो का? की आपल्यालाच बरं वाटावं म्हणून आपण करतो? भारतात किंवा बाहेर कुणी असं काम जवळून पाहिलंय का? शिवणाच्या टिपा नकोत, त्या आम्ही इतरांना देऊ :) बाकीचं सांगा.


न्यूइंग्लंडची_थंडी
मंदाताई, काहीही करायच्या आधी ज्यांना द्यायचं त्यांना विचारा. मी अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये राहते, म्हणून सांगतेय.

१४ डिसेंबर २०१२ला न्यूटाउनच्या सँडी हुक शाळेत गोळीबार झाला, वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. मुलं सहा-सात वर्षांची होती. त्यानंतर सगळ्या जगाला काहीतरी पाठवावंसं वाटलं, आणि लोकांनी पाठवलं. टेडी बेअरच साधारण पासष्ट हजार. गावाची वस्ती अठ्ठावीस हजारांच्या आत, म्हणजे तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी दोन अस्वलं. शिवाय पत्रं, खेळणी, सायकली. हे सगळं ठेवायला गोडाऊन लागलं, उघडायला, निवडायला, याद्या करायला माणसं लागली, ती अर्थातच त्याच गावातली, ज्यांच्या शेजारच्या घरातलं मूल गेलेलं. पुढे बरंचसं इतर संस्थांना वाटलं, आणि रस्त्याकडेला लोकांनी ठेवलेली फुलं-खेळणी जाळून, कुजवून त्याची माती करून ठेवली. टाकून तर देता येत नाही ना. एकेका वस्तूमागे कुणीतरी रडलेलं असतं, त्यामुळे टाकणाऱ्यालाच अपराधी वाटतं.

आता दुसरी बाजू. वाचलेल्या मुलांना त्या इमारतीत परत नेणं शक्य नव्हतं, तर शेजारच्या मन्रो गावातली चॉक हिल नावाची बंद पडलेली शाळा त्यांच्यासाठी तयार केली आणि जानेवारीत मुलं तिथं गेली. पालक-शिक्षक संघटनेने लोकांना सांगितलं की कागद कापून बर्फाचे तारे करून पाठवा, आपण शाळा सजवू, मुलं आत शिरतील तेव्हा भिंती ओळखीच्या वाटल्या नाहीत तरी छान वाटाव्यात. आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या पोरांनीही कापले होते, निम्मे फाटके. इतके आले की शेवटी त्यांना हात जोडून पुरे म्हणावं लागलं. पण हे मागितलेलं होतं, कशासाठी ते ठरलेलं होतं आणि पुरे झाल्यावर पुरे म्हणणारं कुणीतरी होतं. टेडींच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

तुमच्याकडे भाची आहे. तिलाच विचारा किती हव्यात, कुठे ठेवणार, आणि नको झाल्या तर स्पष्ट सांगशील ना.


फटकळ
काका बरोबर बोलले. हा सगळा मध्यमवर्गीय कढ आहे. एक गोधडी शिवायला तुमच्या दहा बायकांच्या किती दुपारी जातात त्याचा मजुरीने हिशोब करा, तेवढे पैसे संस्थेला द्या, त्यात चार ब्लँकेट येतील आणि वर एका बाईचं खोलीचं डिपॉझिट भरून होईल. राग मानू नका, पण ज्याला लागलंय त्याला मलम द्यायचं का मलमाच्या डबीवर नक्षी काढत बसायचं?


निशिगंध७
मंदाताई, मी अशाच एका ठिकाणी समुपदेशक होते, आता सोडलं. गाव सांगत नाही. तिथला पत्ता बाहेर फुटणं हाच सगळ्यात मोठा धोका असतो, नवरा शोधत येतो, दीर येतो, कधी सख्खा भाऊ येतो समजूत घालायला. त्यामुळे आधी ते आठ मार्चचं रद्द करा. नगरसेवक नको, पेपर नको, पाठमोरा फोटोसुद्धा नको, मागे खिडकीचा गज दिसला तरी त्या भागातल्या माणसाला इमारत कळते. साड्या गोळा करायच्याच असतील तर गोधडीचा फोटो टाका, घरी काढलेला.

दुर्गा वगैरे पण नको हो. जी बाई काल रात्री मार खाऊन आलीय तिला दुर्गा व्हायचं नसतं, तिला झोपायचं असतं. आणि ती गोधडी ती पुढे कुठेतरी नेणार, भाड्याच्या खोलीत, बहिणीकडे, तिथं दोरीवर वाळत घातली की शेजारीण विचारणार, हे काय लिहिलंय गं. साधी गोधडी असली तर प्रश्नच येत नाही. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम लिहिते: हेल्पलाइनचा नंबर शिवून किंवा चिठ्ठीवर लिहून आत ठेवू नका. चांगल्या मनाने करतात लोक. पण बऱ्याच जणी काही दिवसांनी त्याच घरी परत जातात, एकदा सोडून अनेकदा जातात, आणि तो नंबर त्याच्या हाताला लागला तर काय होईल विचार करा. नंबर (१८१) तिला तोंडी पाठ करून देता येतो, ते काम संस्थेतल्या लोकांचं.

उपयोग होतो का, तर होतो, पण कशाला ते नीट समजून घ्या. दिवस कसाही जातो. पोलीस स्टेशन, मेडिकल, कोर्ट, झेरॉक्स, आधार कार्ड घरी राहिलंय ते कसं आणायचं, बँकेचं पासबुक त्याच्याकडे आहे, यातच संध्याकाळ होते. रात्र जात नाही. दार वाजलं की सगळ्या जणी उठून बसतात. मुलं अंथरूण ओलं करतात, आठ-नऊ वर्षांचीसुद्धा, आणि मग आईला लाज वाटते म्हणून ती पहाटे चारला उठून चादर धुते. अशा ठिकाणी मुलाला एखादी गोष्ट 'ही तुझी' म्हणून देता येणं, परत न मागता, आणि इथून जाशील तेव्हा घेऊन जा म्हणणं, याने फरक पडलेला मी पाहिलाय. गोधडीच पाहिजे असं नाही. पण गोधडीला वजन असतं, वास असतो, बोटांनी टाके चाचपत पडता येतं. एक मुलगी तर कडेचा गोट तोंडात धरूनच झोपायची.

फटकळ आणि मंदाताईंचे मिस्टर, दोघांसाठी. वकील हवाच, आणि तो फुकट मिळतो. १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अटच नाही, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं तिथं अर्ज करायचा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात. सखी वन स्टॉप सेंटर आहेत, तिथं साधारण पाच दिवस राहताही येतं. व्यवस्था अपुरी आहे, रेंगाळते, मान्य. पण गोधडी शिवणाऱ्या बायका गोधडी शिवायची थांबल्या म्हणून वकील लवकर येणार नाहीये.


विदा_प्रेमी
यावर काही अभ्यास वगैरे? भावना कळल्या, पण मोजलंय का कुणी?


निशिगंध७
@विदा_प्रेमी, गोधडीवर माझ्या तरी माहितीत नाही. विणकामावर आहे, २०१३मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपीत साडेतीन हजारांहून जास्त विणणाऱ्यांची पाहणी आली होती. जे वारंवार विणतात त्यांनी जास्त शांत आणि आनंदी वाटतं असं सांगितलं, गटात विणणाऱ्यांचे अनुभव अजून चांगले. पण ते सगळे आपणहून विणणारे, आवडतं म्हणूनच विणत होते, त्यात मारहाण झालेल्या बायका म्हणून कुणी वेगळं काढलेलं नव्हतं. तेव्हा त्यावर फार इमले बांधू नका.

त्यापेक्षा मला जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका जास्त कामाची वाटते. तिचं सूत्र तीन शब्दांचं: बघा, ऐका, जोडून द्या. त्यात स्पष्ट म्हटलंय की माणसाला काय झालं ते सांगायला भाग पाडू नका. समोर खुर्ची टाकून 'बोला ताई, मोकळ्या व्हा' म्हटलं की बाई आतल्या आत मिटते. हातात सुई असली की नजर खाली असते, बोललं तर बोललं, नाही बोललं तरी काही बिघडत नाही, गप्प बसायला कारण मिळतं. तुमच्या त्या तिसऱ्या मैत्रिणीचं म्हणूनच मला पटतं, फक्त शिकवायला जाऊ नका, शिवायला जा. तिथल्या निम्म्या जणींना तुमच्यापेक्षा बारीक टाका येत असेल. आणि 'तुझं काय झालं गं' हे विचारायचं नाही. सुटी, सण, नवरा काय करतो, हेही नाही.


मिलिंद_स्पॅनिश
हा धागा फारच माझ्या अंगणात आला. स्पॅनिश शिकवतो, त्यामुळे दोन ठिकाणांबद्दल बरंच वाचलंय, थोडं लांबेल.

११ सप्टेंबर १९७३ला चिलीत लष्करप्रमुख पिनोचेतने सत्ता बळकावली आणि लोकांना उचलून न्यायला सुरुवात झाली, त्यातले कित्येक परत आलेच नाहीत, प्रेतंही नाहीत. सांतियागोतल्या बायका नवऱ्याला, मुलाला शोधत तुरुंग, दवाखाने, शवागारं पालथी घालायच्या आणि तिथल्याच रांगांत एकमेकींच्या ओळखी व्हायच्या. चर्चच्या लोकांनी आधी एक मदत समिती काढली, ती सरकारने बंद पाडायला लावली, तेव्हा १९७६पासून विकारिया दे ला सोलिदारिदाद नावाने आर्चबिशपच्या छत्राखाली तेच काम पुन्हा सुरू केलं. तिथं या बायका एकत्र बसून तरटावर चिंध्यांची चित्रं शिवायच्या, त्यांना आर्पियेरा म्हणतात. वर अँडीजचे डोंगर, बहुतेक वेळा एक मोठा सूर्य, आणि खाली कुलूप लागलेला कारखाना, वस्तीतलं सामायिक स्वयंपाकघर, हातात माणसाचा फोटो धरून उभ्या बायका, 'ते कुठे आहेत' असा बोर्ड. छोट्या बाहुल्या चिकटवलेल्या, कधीकधी त्यांच्या अंगावरचं कापड हरवलेल्याच्याच शर्टाचं.

आता फटकळराव इकडे लक्ष द्या: विकारिया ही चित्रं बायकांकडून विकत घ्यायची आणि परदेशात पाठवून विकायची. घरातला कमावता गेलेला, त्या पैशांवर चुली पेटल्या. म्हणजे मलम आणि नक्षी असं वेगळं नव्हतंच ते. आणि सुरुवातीला राजवटीलाही तुमच्यासारखंच वाटलं, की बायका शिवत बसल्यात, बसू दे. चिंध्यांत काय शिवलंय ते कळेपर्यंत कितीतरी चित्रं देशाबाहेर पोचली होती.

दुसरं ठिकाण कोलंबियातलं. उत्तरेकडे मोंतेस दे मारियाच्या डोंगराळ भागात माम्पुहान नावाचं गाव आहे, लोक बहुतेक आफ्रिकी वंशाचे, शेतकरी. मार्च २०००मध्ये बंदूकवाले निमलष्करी लोक (सरकारी नव्हेत, खासगी सशस्त्र टोळीचे) आले, गावाला चौकात गोळा केलं, उद्या इथं कुणी दिसलात तर बघा म्हणाले. लास ब्रिसास या जवळच्या वस्तीत त्यांनी बारा शेतकऱ्यांना मारलं. गाव ओस पडलं, माणसं शेजारच्या गावांत पांगली. पुढे काही वर्षांनी मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या कामातून तेरेसा गायसर नावाची अमेरिकन मानसतज्ज्ञ तिथं आली आणि तिने या बायकांना कापडाचे तुकडे जोडून क्विल्ट करायला शिकवलं. नेहमीसारखेच चौकोन, त्रिकोण. बायका कंटाळल्या हो! भूमितीत त्यांना रस नव्हता. मग त्यांनी तो दिवसच शिवायला घेतला. झाडं, घरं, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं, बंदुका, जमिनीवर पडलेले देह, सगळं रंगीत कापडात. रडत शिवायच्या, थांबायच्या, परत शिवायच्या, आणि त्यातून हळूहळू बोलायला लागल्या. नंतर हिंसाचार सोसलेल्या दुसऱ्या गावांतल्या बायकांना शिकवायलाही त्याच गेल्या. २०१५ला त्यांना कोलंबियाचा राष्ट्रीय शांतता पुरस्कार मिळाला आणि त्यांचं एक कापड बोगोटाच्या राष्ट्रीय संग्रहालयात लावलंय.

मला यातून जे दिसतं ते असं की आयतं पांघरूण देण्यापेक्षा त्यांच्या हातात सुई देणं कधीही मोठं. आपल्याकडेही २००२च्या दंगलीनंतर अहमदाबादला वटव्यात नरोडा पाटियातून वाचलेल्या बायकांचं हिम्मत नावाचं शिवणकेंद्र उभं राहिलं, ते याच जातीचं.


निशिगंध७
मिलिंद, माहिती सुंदर, निष्कर्ष अर्धा पटला. माम्पुहानच्या बायकांनी तो दिवस शिवायला घेतला तो काही वर्षं गेल्यावर, आणि त्यांनी स्वतः ठरवून. आधारगृहातली बाई येऊन आठवडा झालेला असतो. तिला 'तुझ्यावर काय बेतलं ते कापडात काढ' म्हणणारे उत्साही लोक मी पाहिलेत, कार्यशाळा घेतात, मग त्याचं प्रदर्शन मांडतात. ती रात्री ओरडत उठते तेव्हा कार्यशाळावाले आपापल्या घरी असतात. पहिल्या आठवड्यात आयतं पांघरूणच बरं. सुई नंतर, मागितली तर.

आणि चिलीचं ते पैशाचं अगदी बरोबर. त्या बायका मंदाताईंच्या गटात बसून शिवणार असतील आणि ती गोधडी विकली जाणार असेल तर पैसे त्यांचे. 'सेवा' म्हणून फुकट शिवून घेऊ नका.


हल्याळकर
अवांतर, पण गोधडीचा विषय निघालाय म्हणून. आमच्या कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी लोक आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, त्यातले बरेच जण तिथून पळून इकडच्या जंगलात आले, त्यांची ही मुलंबाळं. भाषा आपल्या कोकणीच्या जवळची. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात, म्हणजे तुमची गोधडीच, पण पद्धत वेगळी, कडेपासून सुरू करून आत आत शिवत मध्यावर येतात. आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्या लावतात, त्याला फुला म्हणतात, त्या लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानतच नाहीत. फुलाचा तसा काही उपयोग नाही, ऊब वाढत नाही त्याने. पण कपडे फाटके, जमीन दुसऱ्याची, अन् तरी कोपऱ्याला फूल पाहिजेच. फटकळ यांच्या नक्षीवरून आठवलं.

मंदाताई, कडेकडून शिवायची पद्धत तुमच्या गटाला सोयीची पडेल. चौघी चार बाजूंना बसू शकतात.


ओंटारिओची_आजी
मला गोधडी येत नाही, क्रोशे येतं. आमच्याकडे कॅनडात इझी बाहुल्या करतात त्याबद्दल लिहिते. मार्क इस्फेल्ड नावाचा सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होता, युद्धातल्या मुलांना वाटायला त्याची आई त्याला छोट्या विणलेल्या बाहुल्या करून पाठवायची. १९९४ला क्रोएशियात सुरुंगाच्या स्फोटात तो गेला. आईने बाहुल्या करणं थांबवलं नाही, त्याच्या सोबत्यांनी वाटणं थांबवलं नाही, आणि मग देशभरच्या बायका करायला लागल्या. बाहुली सैनिकाच्या खिशात मावेल एवढीच हवी. पुढे आफ्रिकेत औषधं पाठवणाऱ्यांनी खोक्यात बाटल्यांच्या मध्ये थर्माकोलऐवजी याच बाहुल्या भरल्या, म्हणजे औषध न फुटता पोचतं आणि बाहुली मुलाला मिळते. मला हे फार आवडलं. नुसत्या मायेवर भागत नाही, पोस्टाचा पण विचार लागतो. मी करते ती फार सुबक होत नाही, एकाचे डोळे नेहमी तिरळे होतात.


टँपाकर
थोडक्यात भर घालतो, बायको क्विल्ट करते त्यामुळे हे घरात घडलेलं. १२ जून २०१६ला इकडे अमेरिकेत ऑरलँडोच्या पल्स क्लबमध्ये गोळीबार झाला, ४९ जण गेले. तिथल्या मॉडर्न क्विल्ट गिल्डने लगेच जाहीर केलं की इंद्रधनुषी रंगांत बदाम, म्हणजे हार्टचे ठोकळे शिवून पाठवा. नमुना त्यांनीच ठरवून दिला, त्यामुळे नवशिक्या माणसालाही जमलं आणि कुणाचंही कुणाच्याही शेजारी जोडता आलं. जगभरातून आले, हजाराच्या वर गोधड्या झाल्या. वाचलेल्यांना दिल्या, गेलेल्यांच्या घरच्यांना दिल्या, आणि त्या रात्री मदतीला धावलेल्या लोकांनाही दिल्या. हे शेवटचं मला महत्त्वाचं वाटतं. मंदाताई, तुमच्या त्या भाचीला पण एक द्या. रोज तेच ऐकून घरी जायचं म्हणजे काय असेल.

आणि इंद्रधनुष्याचे रंग का, तर ते समलिंगी लोकांच्या झेंड्याचे रंग आणि तो त्यांचाच क्लब होता, काहींच्या घरी मुलगा समलिंगी आहे हे त्या दिवशीच कळलं. अशा घरी न बोलता पोचणारी वस्तू बरी पडते.


फटकळ
ते कडेचा गोट तोंडात धरून झोपणारी मुलगी वगैरे ठीक आहे. माझा मुद्दा तसाच आहे, पैसेही द्या. दोन्ही द्या. आणि हिशोब इथे टाका, नुसते फोटो नको.


मंदा_टाका
बापरे, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सगळे वाचले, आमच्या दुपारच्या बैठकीत मोठ्याने वाचूनही दाखवले. मिलिंद यांचा प्रतिसाद ऐकताना सगळ्यांची सुई थांबली होती, आणि 'भूमितीला कंटाळल्या' वर खूप हसल्या, कारण आमच्यातही एक बाई चौकोनच चौकोन लावते.

भाचीशी बोलणं झालं. तिने जे सांगितलं त्यातलं निम्मं निशिगंध यांनी आधीच लिहिलंय. मोठ्या गोधड्या तिला फार नकोत, जागा नाही. लहान मुलांच्या हव्यात, आणि वजनाला हलक्या, कारण धुणं बादलीतच असतं आणि पावसाळ्यात चार थरांची गोधडी आठवडाभर वाळत नाही, मग वास येतो. आम्ही आतमध्ये तीन-तीन साड्या घालतो, ते बंद. एक साडी, वर-खाली कापड, बस. नाव, सुविचार, ओम, स्वस्तिक काही नाही, तिथं सगळ्या धर्माच्या बायका येतात. मेलेल्या माणसाचे कपडे वापरू का विचारलं, तर ती म्हणाली तुम्ही सांगितलं नाही तर कुणाला कळणार, पण तुमच्यातच कुणाला खटकत असेल तर राहू दे. यावर आमच्यात परत वाद झाला. मला स्वतःला सासूबाईंच्या लुगड्यापेक्षा मऊ काही मिळालेलं नाही, मी घालणार.

आठ मार्चवाल्या रुसल्यात. येतील.

त्या बायकांसोबत बसायचं सध्या आमच्या हातात नाही, संस्था बाहेरच्यांना आत घेत नाही आणि ते बरोबरच आहे. भाची म्हणाली ज्या जणी तिथून निघून स्वतःच्या खोलीत राहायला लागल्यात त्यातल्या कुणाला यायचं असेल तर मी विचारेन, तुम्ही वाट बघू नका. आमचा हॉल दुपारी रिकामाच असतो. कुणी आलं तर चहा, सुई, आणि गोधडी विकली गेली तर पैसे तिचे, हे आमच्यात ठरलंय, त्याचा हिशोब फटकळ यांना दाखवू.

यांना तो मोफत वकिलाचा परिच्छेद वाचायला दिला. "हं" म्हणाले. मग संध्याकाळी जिल्हा न्यायालयात कुठली खिडकी ते एका मित्राला फोनवर विचारत होते, ते पोस्टातून रिटायर झालेत, त्यांना खिडक्या शोधायला आवडतं. भाचीला कागद घेऊन जायला कुणी सोबत लागलं तर जाईन म्हणालेत.

एकच शंका उरलीय. लोक आता टेरिकॉट आणि नायलॉनच्याच साड्या आणून देतायत, सुती कुणाकडे उरलीच नाही. अस्तराला चालतील का? आणि मुलांची साईज काय धरू?


निशिगंध७
अस्तराला नायलॉन नको मंदाताई. सरकते, अंगाला चिकटते, घाम येतो, आणि ओलं झालं तर शोषत नाही, तिथं तर तोच मुख्य प्रश्न आहे. मध्ये थर म्हणून नायलॉन चालेल, उलट लवकर वाळेल. वर आणि खाली सुतीच, साड्या मिळत नसतील तर जुन्या चादरी, उशांचे अभ्रे, पुरुषांचे लेंगे मागा, त्यात सुती भरपूर असतं. नवीन कापड घेतलंत तर आधी भिजवून रंग काढा, लाल आणि गडद निळा हमखास जातो. वाटायच्या आधी धुऊन उन्हात घाला, डांबरगोळीचा वास राहिला तर मुलं घेत नाहीत.

साईज, तान्ह्याला नेहमीची दुपटी. त्याच्या पुढच्यांना चार फूट बाय पाच फूट धरा, दहा वर्षांपर्यंत पुरते आणि घडी करून पिशवीत मावते. पिशवीत मावलीच पाहिजे. रंग थोडे मळखाऊ ठेवा, पण सगळ्या एकसारख्या करू नका. संस्थेत सगळंच एकसारखं असतं, दोन भावंडांत 'माझी ती फुलांची' एवढं तरी म्हणता आलं पाहिजे. आणि टाका घट्ट घाला, लहान मुलं दोरा उपसतात.